एका फोनवरच्या तिघी

माझे यजमान गेले त्याच वर्षी आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला नवी प्रणाली आली होती. मुलांनी फोनवर धडा बघायचा, कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेले प्रश्न सोडवायचे. कोण किती वेळ बसलं हे तीच बघे, आणि कोण पास होईल, कोण नाही, ते नावापुढच्या हिरव्या किंवा लाल ठिपक्याने सांगे. मला ती आवडली होती. गुळाच्या सौद्यांचे भाव पडद्यावर मांडले की मागणी-पुरवठा मुलांना डोळ्यांनी दिसायचा.

वसतिगृहातल्या तीन मुली मात्र नेट वाचवायला एकाच फोनवर धडा बघत. फोन जिचा ती हिरवी, बाकी दोघी लाल. त्या लाल दोघींतली एक, गडहिंग्लजकडच्या नेसरी गावची मुलगी, वर्गात सगळ्यांत नेमके प्रश्न विचारायची. शनिवारी संध्याकाळी लाल राहिलेल्यांच्या घरी, मुलगी पास होणार नाही असा, माझ्या नावाने आपोआप निरोप जाई, म्हणून दुपारीच मी त्या दोघींचे ठिपके हाताने बदलत असे.

यजमान गेल्यावर दिवसकार्य होईपर्यंत मी फोन बंद ठेवला. शनिवार आला नि गेला. मला वार कळत नव्हते.

परतले तेव्हा वर्गात नेसरीच्या मुलीची जागा रिकामी होती. मैत्रिणी म्हणाल्या, वडील येऊन घेऊन गेले. मी नेसरीची एसटी धरली.

वडिलांनी घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, यजमानांबद्दल हळहळले. मग शांतपणे म्हणाले, "सुपारी फोडली, बाई. पास हुणार न्हाय म्हटल्यावर शिकवून काय करायचं?"

तिघी एकाच फोनवर कशा बसत, ते मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातला फोन काढून त्यावरचा निरोप माझ्यापुढे धरला.

"खाली तुमचंच नाव हाय की. तवाचं खरं, का आत्ताचं?"

मुलाकडच्यांना शब्द गेला होता. तो शब्द वडील मोडणार नव्हते. चहाचा कप ठेवताना मुलीने एवढंच विचारलं, "मॅडम, मी खरंच नापास झाले असते?"

मी नाही म्हणाले. तिने मान हलवली. वर्गात उत्तर पटलं नाही की हलवायची तशी.

वर्षअखेरच्या बैठकीत प्रमुखांनी आलेख दाखवला. लाल ठरलेली मुलगी खरोखर गळाली, म्हणजे अंदाज बरोबर आला, अशी तिची नोंद झाली होती. मी उभी राहून घडलेलं सांगितलं. शेजारचे सहकारी हळूच म्हणाले, मॅडम अजून सावरलेल्या नाहीत. पडद्यावर पुढचा आलेख आला.

यंदा मी प्रणालीत नवा वर्ग उघडला. एकही तास झाला नव्हता, कुणी एकही धडा पाहिला नव्हता. तरी काही नावांपुढे ठिपका लाल होता. सगळ्या मुलीच, वसतिगृहात राहणाऱ्या, गडहिंग्लजकडच्या. मी पहिलं नाव उघडलं. हाताने बदलायची सोय काढून टाकली होती.

खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. दोन नव्या मुली एका फोनवर डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या.