सायकलची कातडी सीट

धाकट्या भावानं पुण्याहून सायकलसाठी चामड्याची सीट पाठवली तेव्हा मला आधी रागच आला. आईला आता फारसं काही आठवत नाही, एकटी सोडली की ती रस्त्याला लागते. म्हणून मी शाळेची नोकरी मुदतीआधीच सोडून हुमनाबादच्या या घरात अडकून पडलेय, आणि हा पठ्ठ्या मला सीट पाठवतोय! थोरला तर फोनवर म्हणतो, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त." असं म्हणाला की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो.

सकाळी शेजारच्या अक्का आईपाशी तासभर बसतात. दिवसभरातला तेवढाच वेळ माझा. दुबलगुंडीच्या रस्त्यानं तुरीच्या शेतांमधून जायचं आणि निम्मा तास झाला की सायकल वळवायची. उशीर झाला तर अक्का दारात येऊन उभ्या राहतात.

सीट म्हणजे नुसती फळी! सुरुवातीला घरी आल्यावर पाटावर बसवेना. मी फोन करून धाकट्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "वापरत राहा, हळूहळू तुझ्या आकाराला येईल. सोबत पाठवलेल्या डबीतलं मेण नावापुरतं लाव. तेल मात्र चुकून लावू नकोस, चामडं लोंबतं."

मग मी हट्टालाच पेटले. मेण चोळायचं, फडक्यानं पुसायचं, आभाळ आलं की वर प्लास्टिकची पिशवी बांधायची, सीट सैल वाटली तर खालचा नट पान्यानं जरासा आवळायचा. पावसाळा सरता सरता सीटवर दोन उथळ खळगे दिसायला लागले. कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला त्यांचं भारी कौतुक वाटायचं. या घरात जेवणाची वेळ आईची, झोपेची वेळ आईची, टीव्हीचा आवाजसुद्धा आईच्या कानाचा. माझ्या अंगाप्रमाणं होत असलेली वस्तू ही एकच.

एके दिवशी दुपारी माझा डोळा लागला. उठून पाहते तर आई पडवीत सायकलजवळ बसलेली. करडीच्या तेलाचा डबा रिकामा, आणि सीटवर तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या तेलात भिजवून गुंडाळलेल्या. मी त्या ओढून काढल्या, पुसपुस पुसलं, पण तेल पार आत मुरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा त्याच तेलकट चिंध्या सीटवर चोळत होती; तिला बाजूला करून बसून पाहिलं तर सीट ओल्या पापडासारखी खाली गेली. कुठले खळगे नि कुठलं काय!

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "काय केलंस हे?" मी ओरडले. "एक वस्तू माझी राहू देशील का न्हाई या घरात?" अक्का नुकत्याच आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थबकल्या.

आई घाबरली. तेलकट हात पदराला पुसत म्हणाली, "अगं, लांब जायचं असलं की नवं कातडं तेलात मुरवावं लागतंय. न्हाईतर चावतंय."

"कुठं जायलेय मी लांब?"

"ते मला काय म्हाईत, बाई? रोज सायकल काढतीस आन् लगेच माघारी येतीस." तिनं सीटवरून हात फिरवला. "चावत असंल, म्हणून पुढं जाईना गेलीस, असं वाटलं मला."

मी तोंड फिरवून रडले, अक्कांसमोरच.

"आता चावायचं न्हाई," आई म्हणाली. "जा की. कामून थांबलीस?"

सायकल तिथंच भिंतीला लावली. मग साबण आणून तिच्या हातांचं तेल काढत बसले, तर ती आपली पुन्हा विचारायलीच होती, कामून थांबलीस म्हणून.