वर्षाच्या वरचे स्कॅन

आमच्या अमरावतीच्या स्कॅन सेंटरचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ खुर्चीत कधी टेकत नसत. उभ्यानेच वाकून लिनक्सच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायचे आणि वर्षाच्या वरचे सगळे जुने स्कॅन डिस्कवरून जायचे. एंटर दाबला की हात पँटला पुसायचे. "नव्याले जागा पाहिजे ना," असं माझ्या काउंटरकडे बघत म्हणायचे. मी काही विचारलेलं नसायचं.

एकदा धारणीहून एक बाई आल्या. पोटातली गाठ वाढली का, हे ठरवायला डॉक्टरांना त्यांचा जुना स्कॅन हवा होता. तो त्याच सकाळी पुसला गेला होता. 'सिस्टममध्ये दिसत नाही' असं मी सांगणार, तोच सर्व्हरवाले गृहस्थ पुढे आले.

"मीच मिटवला, बाई. सकाळीच. इथून भेटलेली त्याची सीडी तुमी कोणाले देली होती?"

"अकोल्याच्या डॉक्टरले."

ते तसेच मोटरसायकलवर अकोल्याला गेले आणि दुपारी सीडी घेऊन परतले. डॉक्टरांनी जुना आणि नवा असे दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावले, तेव्हा मात्र ते आत आले नाहीत. जिन्यावर चढउतार करत मला म्हणाले, "तुमी विचारून सांगा."

मी बाहेर येऊन सांगितलं, "गाठ वाढली नाही. बाई चहा पिताहेत."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पुन्हा दोन पायऱ्या चढले. "पण मी तं मिटवलाच होता ना."