लंडनच्या एजंटाला हवा असलेला फोटो

"चष्मा काढा," बॅरिस्टरसाहेब म्हणाले. "विणकर कुठे चष्मा लावतो? आणि सदराही काढा."

मी काढला. आधी चष्मा, मग सदरा. शाळेत इंग्रजी शिकवणारा, चाळिशीला आलेला माणूस, स्वतःच्या घरात उघडा झालो. मागावर बाबा बसले होते. त्यांना म्हणालो, "बाबा, जरा उठा." ते दोन्ही हात टेकत मागाच्या खड्ड्यातून वर आले आणि त्यांच्या जागी मी उतरलो. मला विणता येत नाही. साहेबांनी सोबत आणलेला फोटोवाला म्हणाला, "हात चालू द्या." मी आडव्या सुताचा धोटा फेकला. तो ताण्याचे सात-आठ उभे धागे तोडून खाली पडला.

साहेब हसले. "असू द्या. लंडनला काय कळतंय!"

हे सारं एका एजंटासाठी. तिकडे लेखक प्रकाशकाकडे थेट जात नाही म्हणे. मधे एजंट असतो, तो लेखकाचं हस्तलिखित घेऊन प्रकाशकांकडे फिरतो. आमच्या नागपूरच्या विणकरवस्तीवर मी इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं आणि इथे बसून तिकडचा एजंट शोधत होतो. वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकातून पत्ते उतरवून घेतले. दोन वर्षं पत्रं टाकली. टपाल कचेरीतला कारकून मी दिसलो की विचारायचा, "काय मास्तर, राणीचं उत्तर आलं का?" बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी एकच विचारलं: तुम्हाला इथे कोण ओळखतं?

मला कोण ओळखणार? साहेबांना ओळखत होते. सिव्हिल लाइन्समध्ये बंगला, शिक्षण विलायतेत, आणि तिथला वर्गमित्र आता एजंट. इंग्रज गेले, साहेब राहिले. मी दर रविवारी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहू लागलो. उभाच. खुर्च्या चार होत्या.

साहेबांनी पानं चाळली. "फारच स्वच्छ आहे हो हे. तुमचे वडील दारू पीत नाहीत? आईला मारत नाहीत? असलं सपक माझ्या मित्राला चालायचं नाही."

बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. आईवर कधी आवाजही चढवला नव्हता. मी घरी आलो आणि आठवड्याभरात एक नवं प्रकरण लिहिलं. त्यात बाबा पिऊन येतात आणि आईला धोट्याने मारतात. फार चांगलं वठलं. सगळ्या पुस्तकात तेच सर्वांत चांगलं वठलं, हे सांगताना आजही मान खाली जाते. साहेबांनी फक्त विचारलं होतं. लिहिलं मी.

साहेबांनी ते पाठवलं. एजंटाला प्रकरण फार आवडलं. आता त्याला लेखकाचा मागावरचा फोटो हवा होता.

फोटो झाल्यावर साहेब आमच्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत रेलले, बॅगेतून त्या प्रकरणाची प्रत काढली आणि फोटोवाल्याला इंग्रजीत वाचून दाखवू लागले. मधेमधे हसत होते. मी अजून खड्ड्यातच होतो. बाबा शेजारी बसून मी तोडलेले धागे चाचपून जोडत होते. बारीक सुताने त्यांचे डोळे अधू झाले होते. मला चष्मा त्यांनीच करून दिला होता. स्वतःला केला नव्हता.

"साहेब काहून हासून राहिले गा?" त्यांनी विचारलं. "माह्यावर लिवलं काय?"

मी खाली पडलेला धोटा शोधू लागलो.

"सांगा की त्यांना," साहेब म्हणाले. "लेखक ना तुम्ही?"

मी सांगितलं. दारू, मार, आईचं रडणं, सगळं. आई चुलीजवळ भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

बाबांनी हातातला धागा आधी जोडून पुरा केला. "मंग मले आंधी सांगाचं ना गा. एखादा घोट तरी घेतला असता. फुकटच बदनाम झालो."

फोटोवाला खदखदून हसला. बाबा हसले नाहीत. "पन तुह्या मायले मारलं, हे तिले विचारून लिवाचं होतं."

मी वर आलो. सदरा घातला. चष्मा लावला. साहेबांच्या हातातली पानं ओढून घेतली. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यातली फोटोची काच काढून उन्हात धरली; फोटो गेला.

"मूर्ख आहात," साहेब म्हणाले. "असा एजंट पुन्हा मिळायचा नाही. तुमच्या लोकांचं भलं करायला जाऊच नये."

"खुर्ची सोडा," मी म्हणालो. "बाबांना बसायचं आहे."

दुसऱ्या दिवशी एजंटाला मीच लिहिलं. ते प्रकरण खोटं आहे. लेखक चष्मा लावतो आणि त्याला विणता येत नाही. उत्तर आलं नाही. कारकुनाला हसायला नवं कारण मिळालं.

आई कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. तिने बोलावं असं मी काही केलंही नव्हतं. ते प्रकरण मी जाळलेलं नाही. ते पेटीत आहे. साहेबांसारख्यांचा तिरस्कार करताना, मी काय लिहू शकतो तेही आठवत राहावं म्हणून.

एजंट मी अजून शोधतो आहे. लंडनलाच शोधतो आहे. पण आता प्रत्येक पान आधी मागाजवळ बसून, आईबाबांसमोर, आमच्या बोलीत सांगतो. तिथे ज्या ओळीला माझी जीभ अडते, ती ओळ समुद्र ओलांडणार नाही. आणि फोटो कोणी मागितलाच, तर तो चष्म्यासकट जाईल.