लाइट पाण्यात बुडाला!

असले किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. कामावरून परत येताना गाडीवर एकजण म्हणतो, "पण ती बाई तिथे उभी का होती रे?" आणि दुसरा हसायला लागतो, की झाला किस्सा! आमच्याकडे तर साठाच झालाय. कारण आमचं कामच असं, की निम्मा वेळ आम्हालाच कळत नाही नेमकं काय बिघडलंय.

आम्ही म्हणजे मी आणि सलीमभाई. जळगावात पिंप्राळ्यात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वीस वर्षं आम्ही शेतकऱ्यांच्या विहिरीतल्या मोटारी काढल्या, नव्या तारेने भरल्या, परत सोडल्या. मग हळूहळू लोकांच्या बंगल्यांत, फार्महाउसवर ते गरम पाण्याचे, बुडबुडे येणारे टब आले. स्पा म्हणतात त्याला. त्यात पाण्याखाली एक गोल लाइट असतो. तो बिघडला की बोलवायचं कोणाला? पाणी आणि वीज दोन्ही कळणारे आम्हीच!

कळणारे म्हणजे, लोकांना तसं वाटायचं.

*

पहिला फोन धरणगावहून आला. तिथले नाना आमचे जुने गिऱ्हाईक, कापूसवाले. फोनवर नुसते ओरडत होते.

"विलासभाऊ, लाइट पानीमा शे! लवकर या!"

मला वाटलं, चालू वायर विहिरीत पडली. सलीमभाईला वाटलं, मोटार पडली. आम्ही चेनपुली घेतली, दोर घेतला, लोखंडी गळ घेतला, आणि टेम्पो करून निघालो. वाटेत मी नानांना दोनदा फोन करून बजावलं, "कोणाला विहिरीजवळ जाऊ देऊ नका!"

नानांनी खरंच कोणाला विहिरीजवळ जाऊ दिलं नव्हतं. गडी माणसं लांब उभी होती. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

नाना आम्हाला घरामागे घेऊन गेले. तिथे पडवीत पांढराशुभ्र टब. पोराने बसवून घेतलेला. आत निवांत पाणी आणि पाण्याखाली तो गोल लाइट, बंद.

सलीमभाईने गळ खाली ठेवला. "नाना, हा पाण्यातून बाहेर काढायचा ना?"

"नही रे भाऊ! तो पानीमाच ऱ्हायना पाहिजे. फक्त लागना पाहिजे!"

वीस वर्षांत पाण्यात पडलेली वस्तू पाण्यातच ठेवायला सांगणारा हा पहिला माणूस!

*

आता पाण्यातला लाइट बदलायचा तर आधी पाणी काढायला हवं. साधी गोष्ट. आम्ही छोटा पंप लावला आणि टब रिकामा करायला घेतला. नानांच्या घरच्या, म्हणजे अक्का, पायरीवर बसून बघत होत्या. पाणी गेलं बागेत, बागेतून अंगणात, अंगणातून वाळत घातलेल्या मिरच्यांत. अक्का उठल्या, मिरच्या उचलल्या, परत येऊन बसल्या.

टब कोरडा झाल्यावर सलीमभाई आत उतरला. एक स्क्रू काढला, लाइट पुढे ओढला, तर मागून वायर येतच राहिली. हातभर, दोन हात, तीन हात. मागच्या खोबणीत वेटोळं करून ठेवलेली.

अक्का म्हणाल्या, "इतली लांब वायर काबर?"

सलीमभाईने वायर हातात घेऊन अंदाज घेतला. लाइट टबाच्या काठावर आरामात आला. म्हणजे कंपनीने मुद्दामच वायर लांब दिली होती. लाइट पाण्यातून वर ओढायचा, काठावर ठेवून बदलायचा आणि परत खाली सोडायचा.

तो हळूच म्हणाला, "म्हणजे अक्का... पाणी न काढता लाइट वर घेता यावा म्हणून."

"मंग तुम्ही पानी काबर काढं?"

सलीमभाईने माझ्याकडे पाहिलं. मी बागेकडे पाहिलं.

"झाडांना," सलीमभाई म्हणाला.

*

नवा लाइट बसवला, टब परत भरला, आणि खरी गंमत सुरू झाली.

काठावर ठेवला की लाइट लख्ख लागायचा. सलीमभाईने हाताने पाण्यात नेऊन खोबणीत बसवला की बंद! बाहेर काढला, चालू. आत घातला, बंद. मी म्हटलं, आत पाणी शिरतंय. आम्ही रबराची रिंग बदलली. बंद. दुसऱ्या दिवशी जळगावहून दुसरा लाइट आणला. बंद. तिसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर बदलला. हा ट्रान्सफॉर्मर घरातली वीज एकदम कमी करून पाण्यातल्या लाइटला देतो, म्हणजे कोणाला शॉक बसू नये. तरीही तेच. काठावर चालू, पाण्यात बंद!

सलीमभाईसारखा माणूस, नुसत्या आवाजावरून मोटारीचं बेअरिंग सांगणारा, काठावर डोकं धरून बसला. "विलास, आपण हे काम सोडू. या लाइटला पाणी आवडत नाही."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे खिडकीशी अक्का उभ्या. एक डोळा खिडकीतून टबाकडे, आणि एक हात भिंतीवरच्या स्विचवर. टबाच्या लाइटचा मेन स्विच!

बाहेर सलीमभाईने पाण्यात हात घातला. अक्कांनी खट्कन स्विच बंद केला. त्याने हात काढला. अक्कांनी चालू केला.

"अक्का! हे काय करताय?"

"तुम्ही लाइट चालू ठेवीसन पानीमा हात घालतस," अक्का म्हणाल्या. "मना घरमा कोनले काही व्हवाले नको. तीन दिनपासून उभी शे मी आठे. पाय दुखी ग्यात!"

मी बाहेर जाऊन सलीमभाईला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तो हसलाही नाही. उठला, आत गेला आणि अक्कांना म्हणाला, "अक्का, चूक माझी. लाइट बंद करूनच हात घालायला पाहिजे होता." त्याचा मोठा भाऊ विहिरीवरच्या शॉकनेच गेला होता. हे मला माहीत होतं, अक्कांना नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

*

त्या महिन्यात रेश्माभाभीचा मला फोन आला. भाभी म्हणजे सलीमभाईची बायको.

"विलासभाऊ, खरं सांगा. हे रोज सकाळी मला सांगून जातात, स्पामध्ये जातोय. संध्याकाळी केस ओले. अंगाला सुगंध. कोणता स्पा आहे हा?"

मी म्हटलं, "भाभी, कामाला जातो आम्ही."

"कामाला तुम्हीपण जाता. तुमचे केस कोरडे असतात."

आता हे फोनवर कसं समजावणार? सुगंध पाण्यात टाकायच्या औषधाचा होता आणि पाण्यात उतरायचं काम सलीमभाईचं होतं. मी जितकं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटत गेलं. मलाच!

शेवटी एका रविवारी भाभींना रिक्षाने जळगावातल्याच एका बंगल्यावर घेऊन गेलो. काम चालू होतं. टबाच्या बाजूला एक झाकण असतं, त्याच्या आत पंप, हीटर, वायरी. तिथला लाइट मागच्या बाजूने काढायचा होता. भाभी आल्या तेव्हा सलीमभाई त्या भोकात कंबरेपर्यंत घुसलेला. बाहेर फक्त दोन पाय. आतून शिव्या आणि वर पाण्याची धार.

भाभी बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "और यहाँ लोग आराम करने आते हैं?"

*

साक्रीकडे डोंगरात एकाचं फार्महाउस आहे. मालक सुरतेला असतो. राखणदाराने आम्हाला फोन केला, की पाण्यातला लाइट अगदी मंद झालाय, नवीन घेऊन या. आम्ही धुळ्यावरून पार तिकडे गेलो. बघतो तर लाइटच्या काचेवर बोटभर शेवाळ! सलीमभाईने आधी मेन बंद केला, मग लाइट वर घेतला, फडक्याने पुसला, रिंग नवी टाकली, परत बसवला. मेन चालू केला तर पांढराशुभ्र उजेड. आम्ही खूश. राखणदार खूश. त्याने मालकाला व्हिडिओ कॉल लावला.

मालकाने पाहिलं आणि ओरडलाच. "अरे, हे काय केलं? माझा हिरवा लाइट कुठे गेला?"

"साहेब, ते शेवाळ होतं."

"मला काही माहीत नाही. पाहुण्यांना तो हिरवा फार आवडायचा. पहिल्यासारखा करून द्या!"

आम्ही राखणदाराला सांगितलं, दोन महिने काही करू नको. आपोआप दुरुस्त होईल.

*

धुळ्याच्या अलीकडे हायवेवर एक हॉटेल आहे. नाव नको. तिथल्या मॅनेजरचा दुपारी फोन. चार वाजता वाढदिवसाची पार्टी, पंचवीस मुलं तिथल्या मोठ्या टबात खेळणार, आणि लाइट मधूनच फडफडतोय.

गेलो. ट्रान्सफॉर्मर जळालेला होता. तो बदलायचा सोडून कोणीतरी घरातली वीज थेट पाण्यातल्या लाइटला जोडलेली! आणि गळती झाली की आपोआप बंद करणारा जो स्विच असतो, तो काढून बाजूला ठेवलेला.

"हा का काढला?" मी विचारलं.

"सारखा पडत होता हो," मॅनेजर म्हणाला. "डोकं उठवलं होतं."

सलीमभाईने खिशातला टेस्टर काढला आणि त्याचं टोक पाण्याला लावलं. टेस्टर पेटला. पाण्यात करंट!

मॅनेजरचा चेहरा उजळला. "बघा, लाइट आहे! मग बल्बच गेला असेल."

सलीमभाई बोर्डापाशी गेला, मेन पाडला, फ्यूज उपटला आणि खिशात घातला. मॅनेजर मागे मागे. "अहो, चार वाजता पार्टी आहे! मी दुसरा मिस्त्री आणतो."

"आणा. पण काम नंतर. आधी त्याला म्हणावं, पाण्यात उतर."

मॅनेजर मालकाला फोन करायला गेला. चार वाजले. मुलं आली, पोहायचे कपडे घालून. सलीमभाईने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि टबाच्या पायरीपुढे आडवा बसला. मी त्याला म्हटलं, "फ्यूज तर काढलाय, आता निघू." तो म्हणाला, "फ्यूज दुसरा मिळतो."

पार्टी हिरवळीवर झाली. तीन तास तो तिथून हलला नाही. जिचा वाढदिवस होता ती मुलगी प्लेटमध्ये केक घेऊन त्याच्याकडे आली. "काका, तुम्ही इथे का बसलात?"

सलीमभाई म्हणाला, "बेटा, मी फ्यूज आहे."

*

आता हा शेवटचा. हा आमच्या पिंप्राळ्यातलाच.

आबा आणि रमेशभाऊ, सख्खे भाऊ. बंगले चिकटून, मधली भिंत एकच. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारखे टब घेतले होते. पुढच्याच वर्षी बोलणं बंद झालं. कशावरून, ते दोघांनाही नीट सांगता येत नाही. आबांचे गुडघे गेलेले, म्हणून ते रोज संध्याकाळी गरम पाण्यात बसतात.

आबांची तक्रार अशी, की लाइट आपोआप लागतो. निळ्याचा लाल होतो, लालचा हिरवा. रिमोट हातात नसतानाही! आम्ही लाइट बदलला. तेच. पाण्याखालची वायर बदलली, कंट्रोलचा डबा बदलला. तेच. सलीमभाई म्हणाला, "आबा, घरात काही... म्हणजे कोणाला दाखवलं का?"

आठवड्याने भिंतीपलीकडून रमेशभाऊंचा फोन. त्यांचाही लाइट आपोआप रंग बदलतो!

मग डोक्यात आलं. मी आबांकडे थांबलो, सलीमभाई रमेशभाऊंकडे. फोन कानाला. "दाबतोय," तो म्हणाला. आबांच्या टबात पाणी लाल झालं. दोन्ही रिमोट सारखे! इकडचं बटण भिंतीपलीकडे चालायचं, तिकडचं इकडे.

मी आबांना सांगितलं, "पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या रिमोटचा कोड बदलतो."

आबा पाण्यातच बसले होते. "म्हणजे रोज साताला हा निळा होतो तो..."

"रमेशभाऊ करतात. ते टबात बसले की."

"आणि माझ्या बटणाने त्याचा?"

"हो."

आबांनी पाण्यातल्या त्या लाल उजेडाकडे पाहिलं. म्हणाले, "राहू दे. काही बदलू नको."

बाहेर सलीमभाई भेटला. तो बावरलेला. "अरे, रमेशभाऊ म्हणतात राहू द्या. आणि वर म्हणाले, 'हे मी सांगितलं म्हणून आबांना कळू देऊ नका.'"

आम्ही नवा कंट्रोलचा डबा काढून जुना परत लावला आणि आलो.

परवा सकाळी आबांचा फोन. "विलास, लाइट बिघडलाय. तीन दिवस झाले."

गेलो. मेन बंद करून सगळं तपासलं. मग रिमोट दाबला. निळा, लाल, हिरवा, सगळं ठीक. रिंग कोरडी, वायर चांगली.

"आबा, यात काही फॉल्ट नाही."

"आहे. नीट बघ. तीन दिवस आपोआप लागलाच नाही."

मी सलीमभाईकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"आबा, इकडे सगळं चांगलं आहे."

"मग तिकडे बघून या ना!"

सलीमभाईने बॅग उचलली. आम्ही फाटकापर्यंत पोहोचलो असू, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा जरा. माझी काठी कुठंय बघा. मी पण येतो."