दोरीवरचं लुगडं

बायको गेल्यापासून घरात जीव थाऱ्यावर राहत नाही, म्हणून लेकीनं भूतानच्या सहलीचं काढलं. आम्ही सहलवाल्यांकडं गेलो. भिंतीवर डोंगराचा फोटो होता, दोऱ्यांवर फडकीच फडकी.

"एवढ्या लांब जाऊन लोकांची धुणी बघायची होय?" मी म्हटलं.

टेबलामागची पोरगी हसली. "आजोबा, त्या पताका आहेत, प्रार्थनेच्या. माणूस गेलं की पांढऱ्या लावतात. मग कुणी काढत नाही. वाऱ्यानं विरून जातात."

लेक थंडीचं, जेवणाचं विचारत बसली. माझं ध्यान परसात. हिनं वाळत घातलेलं लुगडं तिथं अजून तसंच आहे. ते वाळायच्या आत ती गेली. नऊवारीची घडी आम्ही दोघं टोकं धरून घालायचो. आता एकट्यानं काय घालायची? तिकडं गेलेल्यासाठी कापड वाऱ्यावर सोडतात. आपण ट्रंकेत दाबतो आणि म्हणतो, झालं.

सहलीचं काही ठरलं नाही. घरी आलो तर लुगड्याचा एक चिमटा निसटलेला. रोज "आबा, काढा ते" म्हणणारी लेक पुढं झाली. तिनं खाली पडलेला चिमटा उचलला आणि परत लावला.