बारमाही गळ

आमच्या घरात पाहुणा जवळचा की लांबचा, हे रक्तावरून नाही, पाण्यावरून ठरतं. ज्याच्या गावाला तलाव, तो आमच्या ह्यांचा सख्खा. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न लातुरात होतं, तर ऐन वेळी ह्यांची कंबर धरली. उजनीच्या काठी कुणाच्या तरी मेहुण्याची वास्तुशांत होती, तिथं मात्र आदल्या दिवशीच हजर, काखेत गळाची काठी.

बरं, ह्या नादाला हंगाम तरी असावा! उन्हाळ्यात पाणी आटून मासे डोहात गोळा होतात, म्हणून जायचं. पावसाळ्यात नवं पाणी येतं, म्हणून जायचं. हिवाळ्यात मासा ऊन खायला काठाशी येतो, मग तर जायलाच हवं. बारा महिने माझ्या परातीत डाळ्याचं पीठ आणि बडीशेप मळली जाते, माशांच्या चाऱ्याला. त्या वासानं माझं डोकं उठतं. आणि गेलं वर्षभर घरात एक मासा आला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ल्हान हुता, सोडला."

ह्यापायीच ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन राहिलं. मोतीबिंदू वाढलाय, करून घ्या, नंतर महिनाभर ऊन नको, डोळ्यात पाणी नको, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. परवा तर म्हणाले, आता उशीर केलात तर अवघड होईल. पण ह्यांच्या पंचांगात मोकळा महिनाच नव्हता. मी भांडले, अबोला धरला, लेकीला फोनवर रडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच आठवड्यात भाचीच्या बाळाचं बारसं होतं, अक्कलकोटकडं, धरणाजवळच्या गावात. अर्थातच पहिले पाहुणे आम्ही. बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली आणि हे गायब. जरीची साडी सावरत, तणतणत मी काठावर गेले.

हे बसले होते. दोरीला बांधलेला लाल गोळा पाण्यावर तरंगत होता. मासा लागला की तो बुडतो, एवढं मलाही कळतं. माझ्या डोळ्यांदेखत गोळा बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. हे ढिम्म.

"अवो, मासा लागलाय, वडा की!"

ह्यांनी दचकून काठी उचलली. चारा खाऊन मासा केव्हाच गेला होता.

"गोळा दिसत न्हाय तुमाला?"

"न्हाय. लई दिवस झालं."

म्हणजे सोडलेले ते लहान मासे कधी लागलेच नव्हते! माझा संताप झाला, आणि रडूही आलं. "मग डोळ्याचं आपरेशन का करून घेत न्हाई?"

"कारखान्यातल्या माज्या जोडीदाराचा डोळा गेला की त्यात. मला गोळा दिसत न्हाय, पर पाणी तर दिसतंय. तेबी गेलं तर?"

दोन वर्षं मी ह्यांना चैनी म्हणून बोल लावले. भीती वाटते, एवढं सांगायला तोंडाला कुलूप होतं का? मी पिठाची गोळी घेतली आणि जन्मात पहिल्यांदा गळाला लावली.

"मी सांगते तवा वडा. आन् सोमवारी दवाखाना."

"मासा न्हाय लागला तर?"

"तरीबी सोमवारी."

वरून हाका येत होत्या, पाळणा सुरू झाला होता. गोळा बुडाला, मी ओरडले, ह्यांनी ओढलं. गळ मोकळाच.

"ल्हान हुता," हे म्हणाले.

मी दुसरी गोळी लावून गळ पाण्यात सोडला. बऱ्याच वेळानं पाण्याकडं बघतच ह्यांनी विचारलं, "सोमवारी किती वाजता जायाचं?"