कोथिंबिरीतल्या गोगलगायी

हसणार असाल तर आधी चहा संपवा, मग सांगते. असा घोळ घातलाय मी की अजून छातीत धडधडतं!

ह्यांची बदली चंदीगडला झाली. क्वार्टरमागे जंगलाचं कुंपण. तिथे रोज सकाळी एक सांबरीण पिल्लाला घेऊन चरायला यायची. माझी भारी लाडकी!

मी सोलापूरची. लेंडीखत घालून परसात कोथिंबीर लावली, तीही काय तरारली! पण गोगलगायींनी फडशा पाडायला घेतला. मीठ टाकून मारायचा धीर होईना. मग काय केलं? रोज डबाभर वेचायच्या आणि कुंपणापलीकडच्या गवतात नेऊन सोडायच्या. केवढं पुण्य, नाही का?

रविवारी माझी भाची मुग्धा आली. ती मोहालीत जनावरांच्या जंतांवरच्या औषधांचा अभ्यास करते. मी कौतुकाने डबा दाखवला, तर ती किंचाळलीच!

"मावशी! हरणं चरतात तिथे सोडतेस?"

"मग काय झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये सोडू?"

"अगं, गोगलगायीच्या अंगात जंतांच्या अळ्या असू शकतात. गवताबरोबर ती हरणाच्या पोटात गेली, की जंत पार फुप्फुसात पोचतात!"

अगं आई गं! आदल्याच दिवशी ते पिल्लू खोकत होतं. तशीच धावले, गवतात गुडघ्यांवर बसले आणि गोगलगायी परत वेचायला लागले. मुग्धा मागोमाग.

तेवढ्यात ओळखीचे फॉरेस्ट गार्ड आले. "मॅडमजी, क्या ढूंढ रहे हो?"

"वो... पीठ पे घर लेके चलनेवाली! हमारी है, वापस चाहिए!"

मुग्धाने त्यांना सगळं समजावलं. पिल्लाला डॉक्टरांना दाखवायचं त्यांनी कबूल केलं. मग मुग्धाच थबकली. "थांब मावशी, उगाच घाबरलो. हरणाच्या लेंडीवरून सरपटल्याशिवाय गोगलगायीत ह्या अळ्या शिरतच नाहीत. तुझ्या बागेत हरणाची लेंडी कुठून येणार?"

हुश्श! मी डोळे मिटून देवाला हात जोडले.

गार्ड म्हणाले, "लेंडी? वो तो मॅडमजी खुद हर हफ्ते यहाँ से बोरी भर के ले जाते हैं!"

मुग्धा माझ्याकडे बघतच राहिली. मी कोथिंबिरीकडे. मी तर ती बकऱ्यांची लेंडी समजून नेत होते!

डॉक्टर येऊन गेले. पिल्लू ठणठणीत आहे, नशीब माझं! पण खरं सांगू? एवढं काम करायला बिचाऱ्या गोगलगायीला अख्खा पावसाळा लागला असता. लेंडी बागेत आणि गोगलगायी गवतात, मी जाण्या-येण्याच्या दोन्ही खेपा स्वतः केल्या!